नवा व्हिडिओ काळा दिसतो अन् जुन्या रेकॉर्डिंगमधली खंजिरी गायब : कोडेकचं काय करू? (मदत हवी आहे)

राजेहो, दोन दिवस डोकं खाजवून झालं, आता तुम्हीच सांगा.

दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव. घरी सेकंडहँड कॉम्प्युटर आहे. प्रोसेसर इंटेलचा आय-३, तोही दुसऱ्या पिढीचा, ४ जीबी रॅम, विंडोज १०. ३० एप्रिलला तुकडोजी महाराजांच्या ग्रामजयंतीची भजनं झाली, ती भाच्यानं त्याच्या नव्या मोबाईलवर शूट केली. २२ मिनिटांची फाइल पेनड्राइव्हनं घरी आणून लावली, तर आवाज खणखणीत अन् पडदा काळाकुट्ट. फाइलच्या नावाचं शेपूट एमपी४ होतं, ते खोडून एव्हीआय केलं, मग एमकेव्ही केलं. ढिम्म फरक नाही.

गंमत म्हणजे याच कॉम्प्युटरवर भजन मंडळाची २००४ ची व्हीसीडी झकास चालते. बाबा म्हणतात, "वीस वर्साची सीडी चालते अन् परवाचा व्हिडिओ काहून नाही चालत?" यावर माझ्याकडं उत्तर नाही.

दुसरी अडचण जास्त जिव्हाळ्याची. आजोबांचं एकट्याचं एक भजन मी २०११ मध्ये बटणांच्या फोनवर रेकॉर्ड केलं होतं. एएमआर फाइल आहे. आजोबांचा आवाज ओळखू येतो, पण खंजिरीच्या पितळी चकत्यांची छनछन नाहीच; पुठ्ठ्याच्या खोक्यावर थाप मारल्यासारखं वाटते. तालुक्याच्या एका दुकानातून एमपी३ करून आणली. फाइल फुगली, खंजिरी मुकीच. आता आजोबा नाहीत, म्हणून ही फाइल नीट करायची आहे.

एका साइटवर 'सगळे कोडेक एकत्र' असा पॅक दिसतो. टाकू का?

— परहाटीवाला

*

टाक बिनधास्त. मी विंडोज एक्सपीच्या काळापासून टाकतो, सगळं चालते.

— बांधावरचा

*

नको टाकू भाऊ. एक्सपीच्या काळात तशी गरज होती. आता अनोळखी साइटवरच्या पॅकसोबत काय काय घरात शिरेल याचा नेम नाही. व्हीएलसी नावाचा प्लेअर टाक, त्याच्याच अधिकृत साइटवरून. फुकट आहे आणि त्यात बहुतेक डिकोडर, म्हणजे दाबून भरलेली फाइल सोडवणारे, आतच असतात.

शेपूट बदलून काही का झालं नाही, ते सांगतो. एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय ही पोती आहेत. पोत्यावर 'तूर' लिहिलं म्हणून आतल्या हरभऱ्याची तूर होत नाही. पोत्यात चित्र वेगळं भरलेलं असते, आवाज वेगळा, आणि ज्या पद्धतीनं ते दाबून भरलं तो कोडेक. कोडर आणि डिकोडर मिळून झालेला शब्द. तुझ्या पोत्यातला आवाज बहुधा एएसी असेल, तो विंडोजला सोडवता आला. चित्र सोडवता आलं नाही.

माझा अंदाज, चित्र एच.२६५ या कोडेकमध्ये आहे. त्यालाच एचईव्हीसी म्हणतात. हे मानक २०१३ चं. त्याच्या आधीचं एच.२६४ हे २००३ चं. साधारण तेवढ्याच दर्जाचं चित्र एच.२६५ निम्म्या जागेत बसवते, म्हणून नवे मोबाईल ते वापरतात. पण त्यावर पेटंटची फी असते, त्यामुळं विंडोज १० मध्ये त्याचा डिकोडर सरसकट मिळत नाही. बाबांना सांग, त्यांची व्हीसीडी एमपीईजी-१ मध्ये आहे, ३५२ बाय २८८ चं लहानसं चित्र. ते सोडवणं आता कोणत्याही कॉम्प्युटरच्या डाव्या हातचा खेळ आहे.

व्हीएलसीत व्हिडिओ लाव, कंट्रोल आणि जे दाब, आणि तिथं काय लिहून येते ते इथं टाक.

— जुना टेपवाला

*

टाकलं व्हीएलसी. चित्र आलं! तिथं लिहिलं आहे : एचईव्हीसी, ३८४० बाय २१६०. आवाज एएसी, ४८००० हर्ट्‌झ. तुमचा अंदाज बरोबर निघाला. पण चित्र अडकत अडकत चालते. टाळ वाजतो अन् हात नंतर हलतो. पंखा तर ट्रॅक्टरसारखा घुरघुरते.

— परहाटीवाला

*

म्हणजे भाच्यानं ४के वर शूट केलं. १०८०पी च्या (१९२० बाय १०८०) चौपट ठिपके. त्यात एच.२६५ सोडवायची वेगळी सोय इंटेलच्या चिपमध्ये सहाव्या पिढीपासून आली, २०१५ मध्ये. तुझ्या दुसऱ्या पिढीच्या आय-३ ला हे काम अंगमेहनतीनं करावं लागते.

हँडब्रेक नावाचा फुकट प्रोग्राम घे. त्यातून एच.२६४, १०८०पी करून घे. मूळ फाइल मात्र पुसू नको. प्रत्येक वेळी बदलताना थोडं काहीतरी गळतेच. आणि भाच्याला सांग, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'हाय एफिशियन्सी' (म्हणजे हेच एच.२६५) बंद कर अन् पुढच्या वेळी १०८०पी ठेव.

— जुना टेपवाला

*

रात्री लावून झोपलो. साडेतीनला लाईन गेली. सकाळी पाहतो तं अर्धी फाइल तयार, पण उघडतच नाही. आता?

— परहाटीवाला

*

आपल्याकडं हे होणारच. एमपी४ मध्ये कुठं काय ठेवलं याची यादी सहसा सगळ्यात शेवटी लिहिली जाते. लाईन आधी गेली की माल आत, पण यादीच नाही. हँडब्रेकमध्ये एमकेव्ही निवड, त्यात अर्धवट राहिली तरी तेवढा भाग बहुधा पाहता येतो. नाहीतर दिवसा लाव, लाईनीचं वेळापत्रक पाहून.

आता आजोबांची फाइल. हे सांगताना बरं वाटत नाही, पण खोटी आशा लावत नाही. एएमआर हा फोनवरच्या बोलण्यासाठी केलेला कोडेक. सेकंदाला आवाजाचे ८००० नमुने घेतो, म्हणजे ४००० हर्ट्‌झच्या वरचं काहीच पकडत नाही, आणि सेकंदाला जास्तीत जास्त १२.२ किलोबिटमध्ये सगळं कोंबतो. माणसाचं बोलणं त्यात भागते. चकत्यांच्या छनछनीतला खरा झणकार त्याच्या वरचा. तो रेकॉर्ड करतानाच बाहेर राहिला. व्हिडिओचा डिकोडर नव्हता तो आणता आला. इथं सोडवायला आत काही नाहीच. दुकानदारानं एमपी३ केली तेव्हा लहान पोत्यातला माल मोठ्या पोत्यात ओतला, एवढंच. माल वाढला नाही.

एक विचारतो : त्या २००४ च्या व्हीसीडीत आजोबा आहेत का? असतील तर त्यातला आवाज ४४१०० नमुन्यांचा, २२४ किलोबिटचा आहे. सीडीतल्या एमपीईजीएव्ही फोल्डरमधली डॅट फाइल आजच कॉम्प्युटरवर उतरवून घे. जुन्या सीडीचा भरवसा नाही.

— जुना टेपवाला

*

आहेत. मागच्या रांगेत, डावीकडून दुसरे. अकराव्या मिनिटाला त्यांचं ध्रुवपद आहे अन् खंजिरी त्यांच्याच हातात. हेडफोन लावून ऐकलं, छनछन येते. आईलेही ऐकवलं.

सीडी एका जागी घासलेली, उतरवताना तिथं दहा मिनिटं अडकली, पण आली. एएमआरही तशीच ठेवली आहे, दोन पेनड्राइव्हवर. एकट्याचं भजन तेवढंच आहे ना.

— परहाटीवाला