पंखा ढकलल्यावर फिरतोय ना, मग मोटर बहुतेक शाबूत आहे

छताचा पंखा हातानं ढकलल्यावरच फिरतो, म्हणून मिस्त्रीनं मोटर जळाली सांगितलं, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून लगेच रिवाइंडिंगला (मोटरची तार नव्यानं गुंडाळायला) देऊ नका. मोटर पूर्ण जळाली असती तर ढकलूनही फिरला नसता. बहुतेक कपॅसिटर (मोटरला फिरायला सुरुवात करून देणारा छोटा भाग) गेलाय. आमच्या खानापुरातल्या घरी पावसाळ्यात हेच झालं. मेन स्विच बंद केला, रॉडखालची वाटी वर सरकवली, जुन्या कपॅसिटरवरचा आकडा वाचला (२.५ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट) आणि तसाच आणून जोडला. वेग वाढेल म्हणून जास्त मायक्रोफॅरडचा घालू नका, वाइंडिंग (मोटरमधली गुंडाळलेली तार) तापतं. आणि मेन बंद असला तरी कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असू शकते, उघड्या टोकांना हात नको. घरघर मात्र बहुतेकदा बेअरिंगची असते, ते काम वेगळं.