खाऱ्या पाण्याच्या टाकीत केसाळ शेवाळ: फिल्टर बदलू की आणखी काही? सल्ला हवा

नवखारा:
नमस्कार मंडळी. गोड्या पाण्यातले मासे आठ-नऊ वर्षं पाळले, त्या जोरावर सात महिन्यांपूर्वी खाऱ्या पाण्यात उडी मारली आणि आता गटांगळ्या खातोय.

टाकी २०० लिटरची, संप (खाली ठेवायची गाळणीची वेगळी टाकी) नाही. मोठा कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेरचा बंद डबा) आहे, त्यात स्पंज आणि सिरॅमिक रिंगा. खडक साधारण १८ किलो, थोडा लाइव्ह (जिवाणू वसलेला), बाकी कोरडा आणलेला. तळाला दोन बोटं वाळू. मासे चारच: दोन क्लाउनफिश, एक गोबी, एक डॅमसेल. थोडे झोआ आणि मशरूम कोरल. खारेपणा १.०२५ (विशिष्ट गुरुत्व), तापमान २६ अंश. दिवे सकाळी ९ ते रात्री ९.

सुरुवातीला सगळीकडे तपकिरी भुकटी बसली होती, ती आपोआप गेली. मी खूश. मग खडकांवर हिरवी लव आली आणि आता तिचे दोन-दोन इंच केस झालेत. झोआ त्यात गुदमरून मिटलेले असतात. उपटलं की आठवड्यात पुन्हा तेवढंच.

नायट्रेट ४० पीपीएम (दहा लाखांत ४० भाग) आहे. पण फॉस्फेट शून्य! दोनदा तपासलं. मग हे शेवाळ जगतंय कशावर?

ओळखीतल्यांनी तीन उपाय सांगितलेत: यूव्ही दिवा बसव, शेवाळनाशकाची बाटली ओत, नाहीतर यलो टँग मासा आण, तो शेवाळ चरेल. यातलं काय करू? की आधी फिल्टरच मोठा घेऊ?

टेस्टट्यूब:
काहीही विकत घ्यायच्या आधी चार गोष्टी सांगा. मीठ कोणत्या पाण्यात कालवता? रोज उडून जाणारं पाणी कशाने भरून काढता, आणि किती? कॅनिस्टर शेवटचा कधी उघडला? खायला काय आणि कसं घालता?

नवखारा:
मीठ प्युरिफायरच्या पाण्यात. रोज दोनेक लिटर पाणी उडतं, ते सरळ नळाचं घालतो, दोन लिटरने काय होतंय म्हणून. कॅनिस्टर... सांगायला लाज वाटते, तीन महिने झाले. अलीकडे धारही बारीक झालीय. खायला गोठवलेला मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव), सकाळ-संध्याकाळ एकेक अख्खी वडी, ती पाण्यातच विरघळते.

टेस्टट्यूब:
मग चोर सापडले, एक नाही तीन.

आधी तुमच्या शून्याबद्दल. फॉस्फेट नाही म्हणून शून्य दिसत नाहीये. येणारा प्रत्येक कण शेवाळ तुमच्या आधी उचलतंय, म्हणून शून्य दिसतंय. टेस्ट किट फक्त पाण्यात शिल्लक राहिलेलं मोजतं. शेवाळाच्या पोटात गेलेलं त्याला दिसत नाही. टाकी हिरवीगार आणि आकडा शून्य असेल, तर टाकीवर विश्वास ठेवा, किटवर नको.

आता ते दोन लिटर. पाणी उडतं तेव्हा वाफेबरोबर फक्त पाणीच जातं. त्यात विरघळलेलं नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट मागे राहतं. रोज २ लिटर म्हणजे सात महिन्यांत ४२० लिटर नळाचं पाणी तुम्ही या टाकीत आटवलंय. दोन टाक्यांचा गाळीव अर्क म्हणा! सुरुवातीची तपकिरी भुकटी बहुतेक डायटम (एकपेशीय शेवाळ) होती, त्यांना कवच बांधायला सिलिकेट लागतं. नव्या टाकीत ती येतेच, पण नळाचं पाणी तिला आणखी खाऊ घालतं.

प्युरिफायरचं पाणी पिण्यासाठी उत्तम, इथे पुरेसं नाही. काही यंत्रं चवीसाठी खनिजं परत मिसळतात. टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारा) लावून बघा. आपल्याला ० हवाय, म्हणजे आरओच्या (प्युरिफायरमधल्या पडद्याच्या) पुढे डीआय रेझिनचा, म्हणजे उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांचा टप्पा लागतो. मीटर ० वरून १-२ वर चढला की रेझिन बदलायचं. मीठ कालवायलाही हेच, वर भरायलाही हेच. आणि वर भरायचं पाणी बिनमिठाचंच, हे तुम्हाला माहीत असेलच.

कॅनिस्टरवर नंतर सविस्तर लिहितो. तोवर कोणी यूव्ही घ्यायला लावू नका यांना. यूव्ही फक्त नळीतून वाहत जाणाऱ्या जिवांना मारतो. पाणीच हिरवं झालं असतं तर उपयोग होता. खडकाला मुळं धरून बसलेलं शेवाळ तिथवर जाणार कसं? चोर सोडून संन्याशाला फाशी. बाटलीत तांबं असेल तर गोगलगायी, कोळंबी, कोरल सगळ्यांचा निकाल लागेल.

पाणचट:
एवढा विचार कशाला? खडक बाहेर काढा, उकळत्या पाण्यात टाका, ब्रशने खसाखसा घासा. स्वच्छ. मी गोड्या पाण्याचे दगड असेच धुतो.

भरती_ओहोटी:
थांबा!! नवखारा, हे अजिबात करू नका. तुमच्या खडकांवर झोआ आहेत.

झोआ आणि त्यांच्या जवळच्या पॅलिथोआ जातींमध्ये पॅलिटॉक्सिन हे विष असू शकतं. निसर्गातल्या अत्यंत जहाल विषांपैकी एक. खडक उकळला की वाफेबरोबर ते घरभर पसरतं आणि अख्खं कुटुंब दवाखान्यात जाऊ शकतं. असं घडलेलं आहे, मी घाबरवत नाहीये. नुसतं घासतानाही पिचकारी डोळ्यात उडू शकते. म्हणून हातमोजे, डोळ्यांवर चष्मा आणि हाताला जखम असेल तर त्या दिवशी टाकीत हात घालायचाच नाही.

(अवांतर: हे विष १९७१ मध्ये हवाईतल्या पॅलिथोआपासून वेगळं केलं गेलं. तिथले लोक त्या जिवाला पूर्वापार 'हानाचं मरणशेवाळ' म्हणत आले (हाना हे तिथलं ठिकाण). म्हणजे त्यांनाही ते शेवाळच वाटलं होतं.)

पाणचट:
बापरे. माझा प्रतिसाद मागे घेतो. गोड्या पाण्याची अक्कल इथे पाजळायला नको होती.

खारट:
फिल्टरचा मूळ प्रश्न मागे पडतोय, म्हणून लिहितो.

गोड्या पाण्यातून येणारे सगळे (मीही) कॅनिस्टर घेऊन येतात. तिथे तो राजा असतो. इथे त्याचा घोटाळा असा की कचरा तुमच्या नजरेआड होतो, पाण्याबाहेर जात नाही. स्पंजात अडकलेली विष्ठा आणि उरलेलं अन्न, त्यावरून चोवीस तास पाणी वाहतंय. जिवाणू त्याचा अमोनिया करतात, अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट. तिथे गाडी थांबते, कारण नायट्रेटचा वायू करणाऱ्या जिवाणूंना ऑक्सिजन नसलेली जागा लागते. ती सच्छिद्र लाइव्ह रॉकच्या पोटात असते, भरधाव कॅनिस्टरमध्ये फारशी नाही. तीन महिने न उघडलेला कॅनिस्टर म्हणजे खताचा कारखाना.

खाऱ्या पाण्याला निसर्गाने एक देणगी दिलीय: फेस. समुद्राच्या लाटा फुटतात तिथे किनाऱ्यावर पिवळट फेस साचतो ना? प्रोटीन स्किमर तेच करतो. बारीक बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला प्रथिनं आणि तेलकट घाण चिकटते, फेस वर चढतो आणि कपात पडतो. गोड्या पाण्यात बुडबुडे मोठे होतात आणि लगेच एकमेकांत मिसळतात, म्हणून तिथे हे जमत नाही. मुख्य फायदा हा की घाण सडायच्या *आधी* पाण्याबाहेर जाते. शिवाय पाण्यात भरपूर हवा मिसळते. मात्र आधीच विरघळलेलं नायट्रेट-फॉस्फेट स्किमर काढत नाही, ती अपेक्षा ठेवू नका.

संप नाही म्हणून अडत नाही, टाकीच्या मागे टांगायचे स्किमर मिळतात. खोक्यावर लिहिलेल्या लिटरच्या आकड्यावर फार जाऊ नका, तुमच्या टाकीहून मोठ्या आकड्याचा घ्या. नवीन स्किमर पहिला आठवडा-दोन आठवडे वेड्यासारखा वागतो, कधी ओसंडतो, कधी ढिम्म. सारखे स्क्रू पिळत बसू नका.

कॅनिस्टरमधला स्पंज दर तीन-चार दिवसांनी धुवा. रिंगा एकदम काढू नका, नाहीतर अमोनिया चढेल आणि आगीतून फुफाट्यात. दर दोन आठवड्यांनी पाव भाग काढा. १८ किलो खडक चार माशांचा भार आरामात पेलेल.

फॉस्फेटसाठी लोहयुक्त दाणे, म्हणजे जीएफओ, वापरा. एका आठवड्यात फरक दिसतो.

टेस्टट्यूब:
शेवटच्या ओळीशी असहमत, बाकी सगळ्याला +१.

जीएफओ वाईट नाही, पण आत्ता नको. पाण्यातलं फॉस्फेट झपाट्याने ओढलं तर दोन गोष्टी होतात. एक, कोरडा आणलेला खडक चुनखडीचा असतो आणि फॉस्फेट त्याला चिकटून बसतं. पाण्यातलं कमी झालं की खडक ते हळूहळू सोडतो, त्यामुळे आकडा परत वर येतो आणि माणूस वैतागून आणखी दाणे घालतो. दुसरं म्हणजे नायट्रेट-फॉस्फेट खरोखरच शून्याला टेकलं की डायनोफ्लॅजेलेट्सना रान मोकळं मिळतं. तपकिरी, शेंबडासारखे तंतू आणि त्यात अडकलेले हवेचे बुडबुडे. मी त्यातून गेलोय. चार महिने. केसाळ शेवाळ परवडलं म्हणायची वेळ आली होती.

ध्येय शून्य ठेवूच नका. नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम, या पट्ट्यात कोरलही खूश असतात.

एका बाजूने बघितलं तर हे शेवाळ आत्ता तुमचा सर्वांत कार्यक्षम फिल्टर आहे, फक्त चुकीच्या जागी उगवलाय. म्हणून माझं मत: मागे टांगायच्या एका डब्यात कीटोमॉर्फा वाढवा. तारेच्या गुंत्यासारखं शेवाळ, कशाला चिकटत नाही. त्याला वेगळा दिवा, आणि तो रात्री लावा, मुख्य दिवे बंद असताना. रात्री टाकीत कार्बन डायऑक्साइड वाढून पीएच घसरतो, तो थोडा सावरतो. गोळा फुगला की अर्धा तोडून फेका, त्याबरोबर नायट्रेट-फॉस्फेट टाकीबाहेर. कॉलर्पा हे दुसरं शेवाळ मात्र नको. ते कधीकधी एका रात्रीत जननपेशी सोडून विरघळतं आणि सगळं परत पाण्यात.

खारट:
कीटो दाट केसाळ शेवाळाशी स्पर्धा जिंकेल? माझ्याकडे हरला होता.

टेस्टट्यूब:
उपटलं नाही तर हरणारच. आधी हाताने काढायचं. खडक टाकीतच ठेवून, दर आठवड्याला पाणी बदलताना, बारीक नळीने पाणी ओढत ओढत चिमटीने उपटायचं, म्हणजे तुकडे नळीतून बाहेर जातात. नुसतं उपटून पाण्यात सोडलं तर प्रत्येक तुकडा नवीन संसार थाटतो.

पाणी आठवड्याला २० टक्के बदला. नायट्रेटचा आकडा ४० वरून ३२, मग २६ च्या आत, मग २० च्या आसपास. हे नवीन भर पडली नाही तर. म्हणून मायसिसची वडी गाळणीत वितळवा, ते गढूळ पाणी फेका, नुसते मायसिस घाला. चार माशांना दिवसाला अर्धी वडीही जास्त होईल. दिवे ८ तास.

गोगलगाय:
माझ्या नावाला जागून लिहिते. :)

टँग नको हो. तो दिवसभर लांब पल्ल्याचं पोहणारा मासा, २०० लिटरमध्ये बिचारा येरझाऱ्या घालेल. आणि खाल्लेलं शेवटी पाण्यातच टाकेल.

टर्बो गोगलगाय केसाळ शेवाळ चांगलं खाते, पण दोन इंची केसांना ती तोंड लावत नाही. तुम्ही आधी आखूड करा, मग ती. उताणी पडली तर तिला सरळ होता येत नाही, रोज बघावं लागतं. ट्रोकस जातीची गोगलगाय स्वतःच सरळ होते, म्हणून माझी पसंती तिला. नॅसेरियस शेवाळासाठी घेऊ नका. त्या वाळूत दबा धरून उरलेलं मांस खातात, हिरव्याकडे ढुंकून बघत नाहीत. सुरुवात पाच-सहांपासून. एकदम तीस आणल्या तर शेवाळ संपल्यावर उपाशी मरतील, आणि मेलेली गोगलगाय म्हणजे पुन्हा अमोनिया.

आणताना खाऱ्या पाण्याशी हळूहळू जुळवून घ्या, थेंब थेंब पाणी मिसळत तासभर. खारेपणातला फरक त्यांना माशांपेक्षा जास्त बाधतो.

नवखारा:
सगळ्यांचे मनापासून आभार. वाचनखूण साठवली. प्युरिफायरच्या पाण्याचा टीडीएस ६८ निघाला, नळाचा २९० चा आकडा बघून मीटर बिघडलाय असं वाटलं. डीआय जोडतोय. स्किमर घेतो, कीटोही. जीएफओ बाजूला ठेवतो.

नवखारा (७ आठवड्यांनी):
धागा वर काढतोय. पहिले तीन आठवडे काहीच फरक नव्हता, दर रविवारी बादलीभर शेवाळ उपटत होतो आणि मनात तुम्हाला शिव्या देत होतो, खोटं कशाला बोलू. स्किमर दोनदा ओसंडला, एकदा मी टाकीत हात घालून बसलो असताना. चौथ्या आठवड्यापासून कप काळाकुट्ट भरायला लागला. वास विचारू नका.

आता खडक दिसतात. मागच्या काचेवर अजून आहे, ते कोरलपासून लांब म्हणून सोडलंय. झोआ उघडलेत. चार ट्रोकस आणि दोन टर्बो, त्यातली एक टर्बो रोज एकाच जागी उताणी पडते.

नायट्रेट १२. गंमत म्हणजे फॉस्फेट *वाढलं*, ० वरून ०.०८ झालं. आधी धसका बसला, मग टेस्टट्यूब यांचा पहिला प्रतिसाद पुन्हा वाचला.

शेवटचा प्रश्न: कॅनिस्टरमध्ये एक पाव रिंगा उरल्यात. काढू का?

टेस्टट्यूब:
काढा, आणि पुढचे चार दिवस अमोनिया तपासा, खायला थोडं कमी घाला. रिकामा कॅनिस्टर मोडीत घालू नका. त्यात कार्बनची पिशवी ठेवा, महिन्याने बदला. पाण्याचा पिवळेपणा जाईल, आणि शेवाळ उपटताना झोआंनी कधी विष सोडलंच तर तोही आधार.