पॅक्याव ‘एका सेकंदाने’ हरला म्हणणाऱ्या भिडूस

डावखुरा_परळ:
काल बॉक्सिंगमधल्या मार्केझ-मॅनी पॅक्याव चौथ्या लढतीवर एका भिडूने लिहिलं, ‘मार्केझला लॉटरी लागली. एक सेकंद टिकला असता तर मॅनी आरामात जिंकत होता.’ दोन ओळींत उत्तर देऊन झोपणार होतो. झोप लागली नाही.

8 डिसेंबर 2012, लास वेगास. आपल्याकडे रविवारची सकाळ, हातात पोह्यांची बशी. पाच राउंडनंतर तिन्ही जजांकडे पॅक्याव 47-46 ने पुढे. मार्केझचं नाक फुटलेलं, श्वास तोंडाने. इथवर भिडूचं बरोबर. पण तिसऱ्या राउंडचं काय? मार्केझ उजवा हात आधी पोटाकडे दाखवत होता, मारतही होता. लक्ष तिकडे गेलं आणि तोच हात वरून वळसा घालून आला. मॅनी पाठीवर. पाचव्यात मॅनीने परतफेड केली, मान्य.

मग सहावा. शेवटच्या दहा सेकंदांची टकटक झाली आणि मॅनी सवयीप्रमाणे राउंड खिशात घालायला आत घुसला. हुल दिली, पाय टाकला, आणि मार्केझचा आखूड उजवा ठोसा तिथे आधीच हजर. मॅनी तोंडावर पडला. रेफरी केनी बेलेसने आकडे मोजले नाहीत, थेट हात हलवले. तीन मिनिटांच्या राउंडची 2 मिनिटं 59 सेकंद झाली होती.

याला लॉटरी नाही, भिशी म्हणतात. 2004 पासून चार लढतींत 42 राउंड हप्ते भरले, तेव्हा नंबर लागला.

मॅनीभक्त_ठाणे:
तो भिडू मीच. नाव घेऊन लिहायची हिंमत नव्हती का? भिशीचा हिशोब लावताय तर पूर्ण लावा. 2004 ला पहिल्याच राउंडमध्ये तुमचा मार्केझ तीनदा खाली. एका जजने त्या राउंडचे 10-6 ऐवजी 10-7 गुण दिले, नंतर चूक कबूल केली, नाहीतर बरोबरी नाही, मॅनीचा विजय होता. 2008 आणि 2011 मॅनीनेच जिंकल्या. आणि 39 व्या वर्षी मार्केझचे ते फुगलेले दंड कुठून आले? त्याचा ताकदीचा कोच पूर्वी खेळाडूंना बंदी असलेली औषधं पुरवायचा हे त्याने स्वतःच कोर्टात सांगितलंय.

डावखुरा_परळ:
मार्केझ एकाही चाचणीत सापडला नाही. आणि दंड कितीही फुगवा, मॅनी कधी पाय टाकणार ते दंड सांगत नाहीत. 2008 ची तर आठवणच काढू नका, एका जजकडे 114-113. एका गुणाचा विजय छातीवर मिरवताय आणि एका सेकंदाचा पराभव मोजत नाही.

तात्या_लालबाग:
यात एवढं भांडण्यासारखं काय आहे? कबड्डी खेळलेल्या कुठल्याही पोराला विचारा. चढाईला येणारा उड्या मारतो, टाळ्या त्याला. कोपऱ्यातला नुसता उभा असतो. चढाईवाल्याने एक पाय जास्त टाकला की घोटा गेला. आमच्या मंडळाचा डावा कोपरा अख्ख्या सामन्यात तीनदा हलायचा. तीन पकडी.

मीरा_डोंबिवली:
तात्या, म्हणजे चढाईवाले सगळे उतावळे? अनुप कुमार आठवा. प्रो कबड्डी लीगमधल्या यू मुंबाचा कप्तान, चढाईलाच जायचा, पण घाई म्हणून नाही. समोरचा हलेपर्यंत थांबायचा, बोनस काढून शांतपणे परत. 2015 ला जेतेपद मिळालं ते त्याच्या कप्तानीत.

तात्या_लालबाग:
अनुप हरियाणाचा. वरळीच्या डोममध्ये 2017 च्या ऑगस्टमध्ये ज्या बॉक्सर विजेंदरसाठी ओरडलो, तोही हरियाणाचा. ओरडायला आपण, खेळायला ते. आमच्या व्यायामशाळेत लाल माती होती. आता तिथे फरशी आहे आणि दर मुहूर्ताला लग्न. परवा नातवाला घेऊन गेलो तर वॉचमन म्हणतो, ‘कोणाकडून, मुलीकडून?’

मॅनीभक्त_ठाणे:
हे बाकी खरं. आमच्या कॉम्प्लेक्सच्या जाहिरातीत ‘बॉक्सिंग कॉर्नर’ होता. ताबा मिळाल्यावर पाहिलं तर एक पिशवी, तीही लिफ्टच्या दाराला आपटते.

मीरा_डोंबिवली:
जागेचं रडगाणं पुरे. माझा भाऊ दोन वर्षं बॉक्सिंगला जायचा, घरात ‘क्लास’ सांगून. एक दिवस ओठ फाडून आला. आई म्हणाली, नाक मोडलं तर मुलगी कोण देईल? क्रिकेटच्या चेंडूने त्याचे दोन दात पडले तेव्हा हाच प्रश्न कोणी विचारला नव्हता. मैदानं नंतर गेली, आधी घरातून ‘नको’ आलं.

तात्या_लालबाग:
घराला दोष देऊ नका. आमच्या वेळी गिरणीतली माणसं पाळी संपवून मैदानावर यायची. आई काय, वडील स्वतः मातीत असायचे. गिरण्या गेल्या, पाळी गेली, संध्याकाळ गेली.

मीरा_डोंबिवली:
वडील मातीत, आई चुलीपाशी. तुमच्या त्या मैदानावर मुली किती होत्या तेही सांगा ना.

तात्या_लालबाग:
आता हे नवीनच!

डावखुरा_परळ:
धागा मार्केझचा आहे हो! स्वतःची फजिती सांगतो, कदाचित मुद्द्यावर याल. एकोणीस वर्षांचा होतो. आमच्या जिमला एक बँकेतले कॅशियर काका यायचे, वय पंचेचाळीस, चष्मा काढून खिडकीत ठेवायचे. हॉलमध्ये आडवी दोरी बांधलेली असायची, डोकं खालून काढत या टोकापासून त्या टोकाला जायचं. बाकीचे पाच मिनिटांत कंटाळायचे, काका अर्धा तास तेच.

मी जोरदार, डावखुरा, सगळ्यांचा लाडका. पहिल्या दोन राउंडमध्ये काकांना मारमार मारलं. तिसऱ्यात डावा सोडायला गेलो आणि त्यांचा उजवा माझ्या नाकावर. पुन्हा गेलो, पुन्हा तोच. चौथ्यांदा मी खाली बसलो. नंतर पाण्याची बाटली देत म्हणाले, ‘डावा मारायच्या आधी तू नाक ओढतोस. सर्दी आहे का?’

दोन राउंड मी मारत होतो, ते ऐकत होते. गुण मात्र माझेच जास्त होते.

मॅनीभक्त_ठाणे:
बरं बाबा, मार्केझने 42 राउंड कान लावला होता. झालं समाधान? मॅनी तेव्हा मागे राहून राउंड घालवू शकला असता, पुढे होता. नाही राहिला. म्हणूनच तो मॅनी आणि म्हणूनच मी भक्त. तुमच्या कॅशियर काकांची लढत पाहायला सकाळी कोण उठलं असतं?

डावखुरा_परळ:
मी उठलो असतो.

तात्या_लालबाग:
मीराताई, मुली होत्या. खो-खोला. कबड्डीलाही दोन-तीन होत्या, आत्ता आठवलं. त्यातली एक माझी बायको. घोटा तीच धरायची.