शब्दचर्चा: ज्वालामुखी म्हणायचं, पण ज्वाला कुठे आणि मुख कुठे?

टेकडीकर

आमच्या टेकडीच्या वाटेवर माहितीफलक लावायचं चाललंय. झाडांचा आणि पक्ष्यांचा मजकूर झाला, खडकांचा माझ्या गळ्यात आला. मसुद्यातलं पहिलंच वाक्य आहे, 'पुण्याच्या टेकड्या म्हणजे मृत ज्वालामुखी होत.' गटातल्या एकाने 'मृत' खोडून 'सुप्त' केलं. दुसऱ्याचं म्हणणं, सुप्त लिहाल तर कोथरूडच्या घरांचे भाव पडतील. विनोद सोडा, पण मृत, सुप्त, निद्रिस्त यांत नेमका फरक काय? आणि 'ज्वालामुखी' हा शब्द मुळात इथे बसतो का? शिवाय मॅग्मा आणि लाव्हा या दोघांना वेगवेगळे शब्द हवेत. दोन्हीकडे 'लाव्हारस' लिहून सुटका करून घ्यायची नाही.

भूगोलबाई

मृतही नको, सुप्तही नको. टेकडीला ज्वालामुखी म्हणूच नका. ज्वालामुखी म्हणजे जिथून शिलारस बाहेर पडतो ती जागा, आणि बाहेर पडलेल्या मालाचा तिथे साचलेला डोंगर. वेताळ टेकडी, पर्वती, सिंहगड यांच्या माथ्यातून कधी काही बाहेर पडलेलं नाही. जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांमधून लाव्हा वर आला, दूरदूर पसरला, थिजला. त्यावर पुढचा थर, त्यावर आणखी पुढचा. हे घडलं सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, आणि त्यातला बराचसा भाग दहा लाख वर्षांच्या आतबाहेर उरकला. पुढे पाऊस आणि नद्या हे थर कोरत राहिल्या. कोरून जे उरलं त्याला आपण टेकडी म्हणतो. म्हणजे टेकडी साचून उभी राहिलेली नाही, भोवतालचं गेलं म्हणून ती दिसते.

शाळेच्या पुस्तकात उद्रेकाचे दोन प्रकार आहेत, केंद्रीय आणि भेगीय. आपला भेगीय. फलकावर 'भेगी उद्रेकातून पसरलेला लाव्हा' एवढं लिहिलंत तरी चूक होणार नाही.

शिलारस आणि लाव्हा हे दोन शब्द पुरेत. जमिनीखाली आहे तोवर शिलारस, बाहेर आला की लाव्हा. फरक नुसत्या पत्त्याचा नाही. शिलारसात पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचे वायू विरघळलेले असतात. वर येताना दाब कमी होतो, वायू सुटतात आणि उरतो तो लाव्हा. 'लाव्हारस' वर्तमानपत्रांनी रूढ केलाय, त्याला माझी हरकत नाही, पण तो शिलारसाच्या जागी वापरू नका.

ऱ्हस्वदीर्घ

मुळात ज्वालामुखी हे देवीचं नाव. जिच्या मुखात ज्वाला आहेत ती. हिमाचलात कांगड्याला ज्वालामुखीचं देऊळ आहे, तिथे खडकाच्या फटींतून नैसर्गिक वायू येतो आणि तो जळत राहतो. आसपास डोंगर पेटलेला नाही, शिलारसाचा संबंध नाही. तिकडे अझरबैजानात बाकूजवळच्या आतेशगाह या अग्निमंदिरातही जमिनीतून येणारा वायूच जळत असे, आणि तिथल्या भिंतींवर देवनागरी शिलालेख आहेत, कारण आपल्याकडचे व्यापारी तिथे जात. म्हणजे या शब्दाचा मूळ अर्थ पाहिला तर ही दोन ठिकाणं खरी ज्वालामुखी, आणि फुजीयामा उपरा!

पुढे शब्द डोंगराला चिकटला आणि त्याचं लिंग बदललं. 'ज्वालामुखी जागी झाली' असं आज कुणी म्हणत नाही, 'जागा झाला' म्हणतात. डोंगर पुल्लिंगी, म्हणून तोही पुल्लिंगी. तोंडासाठी 'ज्वालामुख' असा वेगळा शब्द आहे, तो नीट वापरला तर 'ज्वालामुखीचं मुख' हे द्विरुक्त प्रकरण टळेल.

पाषाणरोड

पण ज्वाला तर असतातच ना? बातम्यांत रात्री लालभडक दिसतं ते काय मग?

भूगोलबाई

ती दगडाची लाली. बॅसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या दगडाचा, लाव्हा हजार ते बाराशे अंश सेल्सियसला वाहतो, एवढा तापलेला दगड स्वतःच उजळतो आणि वरच्या वाफेच्या ढगावर त्याचा उजेड पडतो. जळायला तिथे फारसं काही नसतंच. काही ठिकाणी वायू पेटतात, जावातल्या इजेनला गंधक जळून रात्री निळ्या ज्वाला दिसतात, पण ती अपवादाची गोष्ट.

खरा घोळ 'राख' या शब्दाने घातलाय. राख म्हणजे जळून उरलेलं. ज्वालामुखीची राख जळलेली नसते. वायू इतक्या जोरात सुटतात की शिलारसाच्या चिंधड्या होतात, त्या हवेत थिजतात आणि काच व दगड यांची बारीक पूड तयार होते. दोन मिलिमीटरच्या आतल्या कणांना राख म्हणायचं असा संकेत आहे. चुलीतली राख समजून कुणी तिला हलक्यात घेऊ नये. १९८२ साली इंडोनेशियात गालुंगगुंगच्या राखेत शिरलेल्या जंबो विमानाची चारही इंजिनं बंद पडली होती. इंजिनातल्या उष्णतेने ती पूड पुन्हा वितळते आणि आत चिकटून बसते. त्या विमानाची इंजिनं खाली आल्यावर पुन्हा सुरू झाली म्हणून माणसं वाचली. २०१० मध्ये आइसलंडच्या एका ज्वालामुखीने युरोपातली विमानं कित्येक दिवस जमिनीवर बसवली, ती याच भीतीने. नोव्हेंबर २०२५ मध्ये इथिओपियाच्या हायली गुब्बीची राख वाऱ्यावर थेट आपल्या उत्तर भारतावर आली, तेव्हाही विमानं रद्द झाली.

विहीरवाला

बाई, मग ती राख नव्हे, कच झाली. क्रशरवर खडी फोडल्यावर जी बारीक पूड उरते तिला आमच्याकडे कच म्हणतात. तीही दगडाचीच, तीही डोळ्यात गेली की टोचते.

आणि टेकडीकर, तुम्ही खडकाचं पुस्तकी नाव शोधताय, पण विहिरी खोदणाऱ्यांकडे नावं केव्हाची आहेत. काळा, ठोस, पहार वाजवणारा तो काळा पाषाण. त्यात पाण्याचा भरवसा नाही, चीर लागली तरच. त्याच्यावर किंवा खाली लागतो तो मांजऱ्या. राखाडी-तांबूस, भोकाभोकाचा, भोकांत पांढरे खडे बसलेले. मांजऱ्या सुटायला सोपा, आणि कुजलेला असला तर पाणीही देतो. मधेच कधी विटेच्या रंगाचा तांबडा थर येतो, त्याला कुणी गेरू म्हणतं कुणी तांबडी माती. तो लागला की जुनी माणसं म्हणतात, आता खाली दुसरा दगड. वडिलांनी आम्हाला असंच शिकवलंय, कुठल्या कॉलेजात नाही.

भूगोलबाई

विहीरवाले, तुम्ही आत्ता एका लाव्हाप्रवाहाचा अख्खा छेद सांगितलात. प्रवाह पसरला की आतले बुडबुडे वर चढतात आणि माथ्याशी अडकतात, तोवर साय धरते. तो भोकांचा माथा म्हणजे मांजऱ्या. मधला भाग सावकाश निवतो, त्यात बुडबुडे राहत नाहीत, तो काळा पाषाण. पुढे हजारो वर्षं पाणी झिरपून त्या भोकांत झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी अशी खनिजं वाढली, तेच तुमचे पांढरे खडे. वाघोलीच्या खाणींत याच भोकांत कॅव्हान्साइट नावाचं निळंशार खनिज मिळालं, आणि जगभरच्या संग्रहालयांना ते माहीत आहे. आपल्याला वाघोली म्हटलं की फक्त ट्रॅफिक आठवतो.

तांबडा थर फार बोलका आहे. दोन प्रवाहांच्या मधे जो काळ गेला त्यात खालच्या थराची माथ्यावर झीज होऊन माती झाली, मग वरून नवा लाव्हा आला. म्हणजे विहिरीत खालून वर काळा, मांजऱ्या, तांबडा, पुन्हा काळा असं दिसलं की उद्रेक आणि मधली विश्रांती दोन्ही मोजता येतात. 'जुनी माणसं म्हणतात, आता खाली दुसरा दगड' हे वाक्य मला फलकावर हवंय.

पाषाणरोड

पाताळेश्वरचं लेणं याच दगडात कोरलंय ना?

भूगोलबाई

हो. आठव्या शतकातलं, जंगली महाराज रस्त्यावर बस थांबते तिथे खाली उतरलं की हाच कातळ.

टेकडीकर

मांजऱ्या नक्की घेतो. आता एक प्रश्न. भेगेतून शांतपणे पसरला म्हणता, मग 'उद्रेक' कसं? उद्रेक म्हणजे स्फोट नाही का?

ऱ्हस्वदीर्घ

नाही. उद्रेक म्हणजे अतिरेक, ओसंडणं. 'रिच्' धातूला 'उद्' लागून झालाय. साथीचा उद्रेक होतो, रागाचा होतो, त्यात धडाडधूम कुठे असते? स्फोट वेगळा, तो फुटण्याचा. म्हणून दख्खनला उद्रेक अगदी चपखल, आणि १८८३ च्या क्राकाटोआला उद्रेकही आणि स्फोटही. बातमीदार मात्र दोन्ही एकाच मापाने वापरतात, चालायचंच.

भूगोलबाई

ओसंडायचं की फुटायचं, हे ठरतं सिलिकेवर (वाळूत असते तीच) आणि वायूंवर. दिवाळीत पाक करणाऱ्यांना हे सांगायला नको: एकतारी पाकातून बुडबुडा सहज निघतो, गोळीबंद पाकात तो अडकतो आणि फटकन उडतो. बॅसाल्टी शिलारसात सिलिका साधारण निम्मी, तो पातळ, वायू सहज निसटतात. हवाईचा मौना लोआ असाच पातळ लाव्हा साचून झाला, पसरट, पालथ्या ढालीसारखा, म्हणून ढालाकृती ज्वालामुखी. समुद्रसपाटीवर ४,१६९ मीटर, पण उतार इतका मंद की चित्रात डोंगर वाटत नाही.

फुजी (३,७७६ मीटर) उलट. तिथे समुद्रतळाचा पट्टा खाली घुसतो, सोबत पाणी नेतो, आणि पाण्यामुळे वरचा गरम खडक कमी तापमानालाच वितळतो. असा शिलारस बहुधा जास्त दाट आणि वायूंनी भरलेला असतो. कधी लाव्हा, कधी राख असे थर बसत शंकू उभा राहतो. मिश्र किंवा स्तरित ज्वालामुखी म्हणतात त्याला. धोक्याचे बहुतेक याच जातीचे. तिसरा छोटा प्रकार नुसत्या बुडबुड्याच्या दगडगोट्यांचा ढीग. मेक्सिकोत १९४३ साली एका मक्याच्या शेतात पारिकुटिन असाच उगवला आणि १९५२ पर्यंत धुमसून थांबला.

इथे एक समज खोडून काढते, कारण फलकावर तो हमखास येतो. पृथ्वीच्या पोटात शिलारसाचा समुद्र भरलेला नाही. प्रावरणाचा, म्हणजे कवचाखालच्या जाड थराचा, खडक जवळजवळ सगळा घनच आहे. तो वितळतो तो ठरावीक ठिकाणी: दाब उतरला तर, पाणी मिसळलं तर, किंवा खालून जास्त उष्णता आली तर. दख्खनसाठी जो तापलेला झोत कारण मानला जातो तो आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. आपला भूभाग उत्तरेला सरकत आला, झोत मागे राहिला. तिथला पितों द ला फूर्नेझ अजून वरचेवर ओततो.

पाषाणरोड

बाई, तो राखेचा ढग डोंगरावरून खाली धावत येतो त्याला मराठीत काय? व्हिडिओत पाहिलंय, भयंकर वेग.

भूगोलबाई

एकमत झालेला शब्द नाही. मी 'तप्त लोट' म्हणते. धुळीचा लोट, धुराचा लोट आपण म्हणतोच, त्यात आकारही आला आणि धावही. शेकडो अंश तापलेले वायू, पूड आणि दगड उतारावरून गाडीपेक्षा वेगाने येतात. १९०२ मध्ये मार्टिनिकच्या माँ पले ज्वालामुखीने सेंट पिएर शहर अशाच लोटात काही मिनिटांत संपवलं, मेलेल्यांचा आकडा २८ हजारांच्या आसपास. लाव्हापासून माणूस बहुधा चालत सुटू शकतो, लोटापासून नाही. राख आणि पाणी मिसळून जो चिखल येतो त्याला जावाचा 'लाहार' हा शब्द जगाने घेतलाय. आपण 'चिखलाचा लोंढा' म्हटलं तरी कळतं. कोलंबियात १९८५ मध्ये नेवादो देल रुईसच्या माथ्यावरचा बर्फ वितळला आणि आर्मेरो गाव अशाच लोंढ्यात गेलं, वीस हजारांहून जास्त माणसं.

ऱ्हस्वदीर्घ

आता पहिल्या प्रश्नाकडे. मराठीत देवस्थान 'जागृत' असतं, म्हणजे नवसाला पावणारं. ज्वालामुखीला तोच शब्द लावताना आपण थोडी भीतीही लावतो. (संस्कृतात 'जाग्रत्' आणि 'जागरित', पण 'जागृत' मराठीने पचवलाय, आता त्यावर वाद नको.) सुप्त आणि निद्रिस्त एकच, दोन्ही झोपलेले. निद्रिस्त पाठ्यपुस्तकी, सुप्त लिहायला आटोपशीर.

भूगोलबाई

शब्द सोपे, लावणं अवघड. फिलिपीन्सचा पिनातुबो सुमारे पाचशे वर्षं गप्प होता, १९९१ मध्ये विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक त्याने केला. म्हणून अभ्यासक गेल्या साधारण १२ हजार वर्षांत उद्रेक झाला का हे पाहतात आणि 'मृत' म्हणायला घाई करत नाहीत. आपल्याकडे जागृत म्हणावा असा एकच, अंदमानातला बॅरन बेट. दीडशे वर्षांहून जास्त काळ झोपला होता, १९९१ पासून अधूनमधून जागा होतो.

दख्खनला यांतला कुठलाच शब्द लागत नाही. ज्या भेगांतून लाव्हा आला त्या त्याच शिलारसाने बुजल्या. पुणे-नाशिक पट्ट्यात काळ्या दगडाच्या भिंती जमिनीतून उभ्या दिसतात, त्या म्हणजे बुजलेल्या भेगा. भूशास्त्रवाले डाइक म्हणतात.

विहीरवाला

लोणारचं काय मग? आमच्याकडे सगळे ज्वालामुखीचं तोंड म्हणतात.

भूगोलबाई

उल्केचा आघात. याच बॅसाल्टमध्ये पडलेला सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा. पूर्वी अभ्यासकही ज्वालामुखीच समजत. म्हणून मी लोणारला 'विवर' म्हणते आणि ज्वालामुखीच्या तोंडाला 'ज्वालामुख', गल्लत नको.

टेकडीकर

मजकूर असा करतोय, बघा: 'या टेकडीचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून आलेल्या लाव्हाचा आहे. भोकाभोकाचा मांजऱ्या दगड हा प्रत्येक प्रवाहाचा माथा. तांबडा थर दिसला की खाली दुसरा प्रवाह.' ज्वालामुखी हा शब्द एकदाही आला नाही, भाव शाबूत.

ऱ्हस्वदीर्घ

चांगलं झालंय. फक्त फलक रंगवणाऱ्याला आधीच बजावा, 'मांजऱ्या' हवं, 'मांजर्या' नको. नाहीतर सकाळी फिरायला येणारे तेवढंच वाचतील आणि पत्रं लिहितील.