वर्गात अस्सल कागद आले तेव्हा: तुमचेही अनुभव लिहा

खडूफळा: माळा आवरताना आजोबांची गिरणीची पगारचिठ्ठी सापडली आणि नववीचा एक तास आठवला. सोलापुरातला १९३० चा मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, शिकवायचा होता. म्हटलं, घरातले जुने कागद घेऊन या. एकाने पणजोबांची अशीच चिठ्ठी आणली. त्यात दंडाचा रकाना होता. मग प्रश्न थांबेचनात. दंड कशाचा? लिहिणारा कोण? सही का नाही, अंगठाच का? पुस्तकातला धडा वाचून असं कधी कुणी विचारलं नव्हतं. सोलापुरात घराघरात असे कागद आहेत, म्हणून विचारतोय. तुम्ही काय वापरलंत?

भीमाकाठ: आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या हत्तरसंग कुडलचा जुना मराठी शिलालेख! शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८. मुलांनी आधी फोटोवरून अक्षरं वहीत उतरवली, मग संगमेश्वराच्या देवळात जाऊन दगडावर शोधली. त्यातलं 'वाछि तो विजेया' वाचता आलं तेव्हा जो गलका झाला!

पूर्वभागकर: भाकरी तव्यावर आहे, थोडक्यात लिहिते. आमच्याकडे, शहराच्या तेलुगू भाषिक पूर्व भागात, घरातली पत्रं सगळी तेलुगूत. वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या पोरीने आजीला शाळेत आणलं. आजी वाचणार, ही मराठीत सांगणार. त्या दिवशी बाई तीच होती.

भीमाकाठ: वा! आजींचं रेकॉर्डिंग केलंत का?

पूर्वभागकर: हो, मुलांनीच केलं. पण अर्धा वेळ आजी हुरडा पार्टीबद्दलच बोलल्या 😄

चौकातला: चार हुतात्मा चौकातून रोज जाणाऱ्या मुलांना चारही नावं येत नव्हती. धनशेट्टी, शिंदे, सारडा, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी. मार्शल लॉत गांधी टोपी घालणंही गुन्हा होता हे सांगितलं, तर एकाने विचारलं, 'तसा हुकूम छापलेला असेल ना? तो दाखवा.' हाच प्रश्न मला हवा होता.

मोडीवेडी: हात जोडून सांगते, जुन्या कागदाला लॅमिनेशन करू नका, सेलोटेपही नको. वर्गात झेरॉक्स फिरवा, मूळ कागद घरीच ठेवा. खडूफळा, तुमची चिठ्ठी मोडी लिपीत आहे का? फोटो टाका, वाचून देते.

खडूफळा: मोडीच आहे! रात्री टाकतो. ताई, फार उपकार होतील.

अक्कलकोटरोड: शिकवत नाही, पण कुडलला जायचंय. पोरांना घेऊन कधी जावं?

भीमाकाठ: थंडीत, सकाळी लवकर. भीमा-सीनेचा संगमही बघा. पाणी आणि डबा सोबत घ्या.