दशावतार म्हणजेच उत्क्रांती का? मुलीला काय सांगू?

तिखटमीठ:
मुलगी दहावीला, स्टेट बोर्ड. विज्ञान भाग २ चा पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांती. ती मोठ्याने वाचत होती तर सासूबाई म्हणाल्या यात नवीन ते काय, मत्स्य पाण्यातला, कूर्म उभयचर, मग वराह, नरसिंह, वामन, आपल्याकडे आधीच लिहून ठेवलंय. कन्या म्हणे, आजी मग नरसिंहाचा जीवाश्म कुठे सापडला? झालं, दोन दिवस अबोला. मी देवाधर्माचं सगळं करते आणि मला डार्विनही पटतो. तुम्ही दोन्ही कसं सांभाळता?

खडूस_काका:
ही जुळवाजुळव पुराणातली नाहीच, १९व्या शतकातली आहे. थिऑसॉफिकल सोसायटीच्या ब्लाव्हाट्स्की बाईंनी १८७७ मध्ये लिहिलं, मग १८८२ च्या सुमारास ब्राह्मो समाजाच्या केशवचंद्र सेनांनी. पुराणात अवतार घेण्याचं कारण धर्म बुडतोय हे आहे, प्राण्यांची प्रगती नव्हे. आणि धनुष्य मोडल्यावर परशुराम रामासमोर येऊन उभा राहतो, मग एक पायरी संपून पुढची आली कुठे? उत्क्रांती शिडी नसतेच, फांद्या फुटत जातात. (कासव उभयचर नाही बरं का, सरपटणारा प्राणी आहे.)

पळीपंचपात्र:
काका, पण कल्प, म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, ४३२ कोटी वर्षांचा आणि पृथ्वीचं वय ४५४ कोटी, हे कसं काय?

खडूस_काका:
कल्प अजून संपलाय कुठे! संकल्पात आपण श्वेतवाराहकल्पे, वैवस्वत मन्वंतरे म्हणतो ना, त्या हिशोबाने आत्ताशी १९७ कोटी झालेत. ४३२ आकडा तेवढा उचलायचा नि १९७ सोडून द्यायचा, याला जुळणं म्हणत नाहीत.

वसईवाला:
आम्ही कॅथलिक, आमच्याकडे सहा दिवसांत सृष्टी. पण बिग बँगची कल्पना मांडणारा लमेत्र स्वतः पाद्री होता. १९५१ मध्ये पोप म्हणाले की विज्ञानाने निर्मितीला दुजोरा दिला, तर त्यालाच ते आवडलं नाही, थिअरी उद्या बदलली तर श्रद्धा पण बदलायची का? मी तेच धरून चालतो, रविवारी चर्च आणि सोमवारी लॅब.

पळीपंचपात्र:
मुलीला नासदीय सूक्त वाचायला द्या ताई, सृष्टी कुठून आली यावरचं. ऋग्वेद, दहावं मंडल, १२९. सातच ऋचा आहेत, आणि शेवटी ऋषी म्हणतो की हे कुठून आलं ते वरच्या त्या अध्यक्षालाच ठाऊक, किंवा त्यालाही नसेल.

तिखटमीठ:
परशुरामाचा मुद्दा सासूबाईंना ऐकवला. म्हणाल्या, ते चिरंजीव आहेत, असणारच की! काका, आता तुम्हीच बोला. पण अबोला सुटला, मुलगी सात चिरंजीवांची नावं लिहून घेत बसलीये.