मदत हवी आहे: पाथमधून फक्त फाइलचं नाव काढायचंय (उबुंटू)

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. नाशिकरोडला एका फोटो स्टुडिओत कामाला आहे. २०१५च्या सिंहस्थाचे फोटो एका हार्डडिस्कवर आहेत. रामकुंड, तपोवन, त्र्यंबक असे फोल्डर आणि त्यांच्या आत आणखी फोल्डर. २०२७चा कुंभ तोंडावर आलाय, म्हणून मालकांना जुन्या फोटोंची यादी हवी आहे. नुसती नावं हवीत. पाथ (फाइल कोणत्या फोल्डरात आहे तो पूर्ण पत्ता) नको, शेवटचं .जेपीजी पण नको.

बेसनेम ही कमांड त्यासाठीच आहे असं कळलं. एक पाथ दिला की बरोबर चालते. पण फाइंडचं (फाइली शोधणारी कमांड) आउटपुट पाइपने, म्हणजे मध्ये | टाकून, बेसनेमला दिलं तर 'मिसिंग ऑपरंड' (नावच दिलं नाही) अशी एरर. मध्ये एक्सआर्ग्ज (पाइपमधून आलेली नावं कमांडच्या पुढे लावून देणारी कमांड) घातलं तर 'एक्स्ट्रा ऑपरंड' (नावं जास्त झाली). मग -ए लावलं, तेव्हा यादी आली, पण ती अशी:

शाही
डीएससी_०४१२.जेपीजी
शाही
डीएससी_०४१३.जेपीजी

हे 'शाही' कुठून आलं? फोल्डरची नावं मराठीत आहेत म्हणून गडबड होतेय का?

(मोबाइलवरून लिहितोय, कमांड पण देवनागरीतच. सांभाळून घ्या.)

टर्मिनलवाला:
फोल्डरचं नाव 'शाही स्नान' आहे ना? मधल्या स्पेसचा घोळ आहे.

बेसनेम पाइपमधून काहीच वाचत नाही, नाव कमांडच्या पुढेच द्यावं लागतं. म्हणून पहिली एरर. नुसतं बेसनेम एकच पाथ घेतं, फार तर त्यापुढे काढायचं शेपूट. एक्सआर्ग्जने ढीगभर पाथ एकदम दिले म्हणून दुसरी. -ए म्हणजे कितीही पाथ चालतील. पण एक्सआर्ग्ज स्पेस दिसली की तोडतं. './रामकुंड/शाही' हा एक पाथ झाला आणि 'स्नान/डीएससी_०४१२.जेपीजी' हा दुसरा. दोन्हींचा शेवटचा तुकडा बेसनेमने इमानदारीत छापला.

असं करा:

फाइंड . -टाइप एफ -आयनेम '*.जेपीजी' -प्रिंट० | एक्सआर्ग्ज -० बेसनेम -एस .जेपीजी

आता पाथ स्पेसवर न तुटता शून्य बाइटवर (ज्याची किंमत ० आहे असा बाइट) तुटतात, आणि फाइलच्या नावात शून्य बाइट असूच शकत नाही. -एस शेपूट कापतं. ते लावलं की -ए वेगळं द्यायची गरज नाही.

पंचवटीकर:
मराठी नावांची काळजी सोडा. यूटीएफ-८मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, आणि त्यातला प्रत्येक बाइट १२८ किंवा वरचा. स्लॅश म्हणजे ४७. त्यामुळे 'त्र्यंबक'च्या पोटात चुकून स्लॅश सापडणं शक्य नाही. उगाच फोल्डरांची नावं इंग्रजीत करत बसू नका, त्या नादात जुन्या डिस्कची वाट लावलेली माणसं पाहिलीत.

गोदाकाठ:
दादा, चाललं! पण काही नावांना .जेपीजी तसंच राहिलंय.

टर्मिनलवाला:
ती कॅपिटल अक्षरातली असणार, काही कॅमेरे तसंच लिहितात. -आयनेम लहान-मोठं बघत नाही, -एस बघतं. -एस सोडून शेवटी सेड (मजकुरात बदल करणारी कमांड) लावा, ते शेवटच्या टिंबापासून पुढचं कापतं:

फाइंड . -टाइप एफ -आयनेम '*.जेपीजी' -प्रिंटएफ '%एफ\एन' | सेड 's/\.[^.]*$//'

(यातला एस इंग्रजीच टाइप करा, बाकीची चिन्हं जशीच्या तशी.) %एफ म्हणजे पाथ काढून उरलेलं नाव, म्हणजे बेसनेमही लागत नाही. मॅकच्या फाइंडमध्ये -प्रिंटएफ नाही, तिथे वरचीच पद्धत.

सिडकोकर:
सगळे नाव काढायच्या मागे लागलात, पण मालक त्या यादीचं करणार काय? कॅमेऱ्याचा आकडा ९९९९ झाला की परत सुरुवातीपासून. डीएससी_०४१२ रामकुंडातही असेल आणि त्र्यंबकलाही. सेडच्या पुढे '| सॉर्ट | युनिक -डी' लावून बघा, एकापेक्षा जास्त वेळा आलेली नावं दिसतील.

गोदाकाठ:
बघितलं. भली मोठी यादी आली. आता?

सिडकोकर:
'%एफ\एन'च्या जागी '%एच\टी%एफ\एन' करा. आधी फोल्डर, मग टॅब, मग नाव. एक्सेलमध्ये सरळ दोन कॉलम होतात. सेड तेच राहू द्या.

गोदाकाठ:
झालं. मालक म्हणतात फोल्डरचा कॉलम आधी का नव्हता. आभारी आहे सगळ्यांचा, धागा बंद करायला हरकत नाही.